तणाला औषधाची ‘सवय’ लागत नाही
सोयाबीनमधल्या तणनाशकाबद्दल, आमच्या ग्राहकांसाठी

जुलै लागला की काउंटरवर दोन वाक्यं ठरलेली. एक, “औषध डुप्लिकेट निघालं, दुसऱ्या कंपनीचं द्या.” दुसरं, “तणाला या औषधाची सवय लागली.” ऐन फवारणीच्या गर्दीत प्रत्येकाला समजावत बसलं की मागची रांग ओरडते. म्हणून हे छापून ठेवलं आहे. बिलासोबत घरी न्या आणि निवांत वाचा.

आधी सवयीचं. सवय तंबाखूची लागते, तणनाशकाची नाही. फवाऱ्यामुळे तणात काही नवीन तयार होत नाही. औषधाला दाद न देणारं एखादं झाड रानातल्या तणाच्या गर्दीत आधीपासूनच असू शकतं. सोयाबीनमध्ये मारायचं इमॅझेथापायर हे तणनाशक पानातून आत जाऊन एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. ते अडलं की झाडाला लागणारी तीन अमिनो आम्लं बनत नाहीत, वाढ थांबते, शेंडा पिवळा पडतो. एखाद्या झाडाच्या जनुकात मात्र एवढासा फरक असतो की विकराचा आकार किंचित बदलतो आणि औषधाला तिथे बसायला जागाच मिळत नाही. एरवी हे झाड ओळखूही येत नाही. तुम्ही फवारता, आजूबाजूची मरतात आणि त्यांच्या वाट्याचं ऊन, ओल, खत या एकट्याला मिळतं.

हा फरक बियाण्यातून पुढे जातो. या प्रकारात तो आई-बापापैकी एकाकडून आला तरी झाड सहसा तगतं. समजा, असं एकाकडून घेतलेलं झाड स्वतःच्याच परागावर फळलं, तर त्याच्या चार बियांपैकी साधारण तीन पुढच्या वर्षी फवाऱ्यातून वाचतात. चौथं झाड आपणच तेच औषध मारून काढून टाकतो, म्हणजे निवड आपणच करतो. माठाच्या जातीतलं एक अमेरिकन तण आहे, त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. तिथे हा गुण वाऱ्यावरच्या परागातून शेजाऱ्याच्या रानातही पोचतो. उसा-मक्यातल्या ॲट्राझिन या तणनाशकाची गोष्ट वेगळी. तिथे हा बदल बहुतेक वेळा हरितलवकात, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या कणात असतो, तो फक्त आईकडून येतो, परागातून नाही.

आता ज्या चुकीपायी तुमचा पैसा आणि आमचा वेळ जातो ती. तुम्ही बाटली बदलता, गट बदलत नाही. गट म्हणजे तणात एकाच जागी काम करणारी औषधं. इमॅझेथापायर लागलं नाही म्हणून क्लोरिम्युरॉन हे दुसरं तणनाशक नेता. दोन्ही त्याच विकरावर काम करतात. पेरणीनंतर लगेच मारायचं डायक्लोसुलॅमही त्याच गटातलं. इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्स एकत्र असलेल्या पुडीवर दोन नावं दिसतात, पण गट एकच. म्हणजे तीन वर्षांत तीन कंपन्या झाल्या आणि तणाच्या दृष्टीने तुम्ही एकच औषध तीनदा मारलं. बाटलीवर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं, कंटेंट, म्हणजे आतल्या औषधाचं खरं नाव, खाली बारीक. वाचायचं ते बारीक.

हरियाणाच्या गव्हात हेच झालं. तिथे गुल्लीदांडा नावाच्या गवतावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागेनासं झालं. मग दुसऱ्या गटांची औषधं आली, पुढे त्यांनाही तण दाद देईना. हे गवत बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून ते पसरलं मुख्यतः बियांतून. घरच्या गव्हाच्या बियाण्यात मिसळून आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाणाऱ्या हार्वेस्टरमधून. आपल्याकडेही हार्वेस्टर लांबून येतात. रानात शिरण्याआधी चाळण्या झाडून घ्यायला सांगा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.

मात्र प्रत्येक तक्रार या कारणाने नसते. आमच्या पाहण्यात बहुतेक चुका पंपाच्या असतात. दहा टक्के इमॅझेथापायर एकरी ४०० मिली लागतं, २०० लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली आणि एकरी तेरा-चौदा पंप. ३० मिलीचं सगळ्यांना पाठ आहे, पण एकर आठ पंपांत उरकतो. मग रानात पडलं किती? २४० मिली. असा अर्धामुर्धा डोस थोडा थोडा टिकाव असलेल्या झाडांना वाचवतो. ती एकमेकांत फळली की त्यांचे लहान लहान गुण एकत्र येतात. ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाच्या गवतावर कमी डोसचे प्रयोग झाले, तेव्हा काही पिढ्यांतच ते गवत औषधाला दाद देईनासं झालं.

चौथ्या दिवशी “काहीच झालं नाही” म्हणून येऊ नका. हे औषध सावकाश लागतं, दहा-पंधरा दिवस द्या. तण दोन-चार पानांवर असताना मारा. वीतभर झालेल्या तणाची हमी आम्ही घेत नाही. पंधरा दिवसांनी एका पट्ट्यात सगळीच तणं उभी असतील तर नोझल तपासा. एकाच जातीची मेलेली आणि हिरवीगार झाडं शेजारीशेजारी दिसली, तर मात्र आम्हाला बोलवा आणि ती झाडं बी धरण्याआधी खुरपून रानाबाहेर काढा. (केना ग्लायफोसेटने सहजी मरत नाही, ते मूळचंच चिवट. त्याला प्रतिकारशक्ती म्हणत नाहीत.)

एकाच हंगामात एकाच गटाचं दुसरं औषध आम्ही देत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकं रागावून दुसरीकडे गेली, तेही माहीत आहे. त्याऐवजी पेरणीनंतर पेंडिमेथॅलिन आणि उभ्या पिकात इमॅझेथापायर, पुढच्या वर्षी फोमेसाफेन आणि फ्लुआझिफॉप एकत्र असलेलं, अशी फेरपालट आम्ही लावून देतो. दोन गटांचं मिश्रण महाग पडतं, मान्य. पण दोन फवारे आणि वर निंदणीची मजुरी धरून हिशोब करा. मोजमापाचा कप बाटलीबरोबर फुकट देतो, टोपणाने मोजू नका. फ्लॅट फॅन नोझलही दुकानात आहेत.

येताना मागच्या दोन वर्षांची बिलं आणा. हरवली असतील तर तुम्ही काय नेलं ते आमच्या वहीत आहे.