विंडोजच्या पाथमधील बॅकस्लॅश : पार्श्वभूमी

डिरेक्टरीच्या (म्हणजे फोल्डरच्या) आत डिरेक्टरी ही रचना युनिक्स या संगणक-प्रणालीने मल्टिक्स या आधीच्या प्रणालीकडून घेतली. मल्टिक्समध्ये पाथचे, म्हणजे फाइलपर्यंतच्या पत्त्याचे, भाग ‘>’ या चिन्हाने जोडले जात. बेल लॅब्जमधील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये त्याची जागा स्लॅशने (/) घेतली. मायक्रोसॉफ्टच्या वाट्याला वेगळा वारसा आला. एमएस-डॉस या तिच्या प्रणालीच्या १९८१ सालच्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरी नव्हत्याच. ड्राइव्हची अक्षरे सीपी/एम या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर होती आणि स्लॅश हे चिन्ह कमांडला पर्याय जोडण्यात आधीच गुंतले होते. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टरी आल्या, तेव्हा रुळलेल्या कमांडचा अर्थ बिघडू नये म्हणून पाथसाठी बॅकस्लॅश (\) घ्यावा लागला.

ही अडचण खरे तर कमांड टाइप करण्यापुरतीच होती. प्रोग्रॅमने फाइल मागितली, तर डॉसला दोन्ही चिन्हे चालत, आणि विंडोजलाही बहुतेक ठिकाणी आजतागायत चालतात. तरीही प्रोग्रॅमर बॅकस्लॅशच लिहीत राहिले. सी आणि तिच्या वळणाच्या भाषांत अक्षरमालिकेतला बॅकस्लॅश पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो. त्यामुळे इंग्रजी ‘एन’ने सुरू होणाऱ्या फोल्डरचे नाव आले, की पाथच्या मधोमध नवी ओळ पडते.

जुन्या मॅकमध्ये तर विभाजक म्हणून कोलन होता. अशा स्थितीत पाथ ही साधी अक्षरमालिका मानणेच चुकीचे आहे, हे कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेने १९८४ सालीच ओळखले होते: तिथे यंत्र, डिव्हाइस, डिरेक्टरी, नाव, प्रकार आणि आवृत्ती असे पाथचे स्वतंत्र घटक होते. पायथन या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संचात) पाथला वस्तूचे रूप देणारे ‘पाथलिब’ यायला मात्र २०१४ साल उजाडले.

विभाजकाचा प्रश्न त्याने सुटला, नावांचा सुटला नाही. लिनक्समध्ये सहसा लहान-मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात, विंडोजमध्ये सहसा नाहीत. मराठी नावांत याहून सूक्ष्म पेच आहे. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ युनिकोड या अक्षरसंकेतांच्या प्रमाणपद्धतीत एका संकेतानेही लिहिता येतो आणि ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडूनही. मॅकची एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नाव साठवताना त्याची अशी फोड करीत असे, तर लिनक्स दिलेले बाइट सहसा जसेच्या तसे ठेवते. परिणामी पडद्यावर हुबेहूब दिसणारी दोन नावे प्रोग्रॅमला वेगळी वाटतात, आणि तुलनेपूर्वी दोन्ही एकाच रूपात आणण्याचे काम पाथलिब करीत नाही. ते प्रोग्रॅमरलाच करावे लागते.