जिम्नॅशियम: कुठे घाम, कुठे दप्तर

पोलंडने २०१७ पासून आपली ‘गिम्नाझ्युम’ मोडीत काढायला घेतली आणि २०१९ पर्यंत ती संपली. त्यात कुणाचाही व्यायाम बुडाला नाही. १९९९ च्या शिक्षणसुधारणेतून निघालेल्या त्या तीन वर्षांच्या माध्यमिक शाळा होत्या. आपल्याकडे ‘जिम्नॅशियम’ हा शब्द इंग्रजीतून आला, म्हणून आपल्याला त्यात वजनं आणि घाम दिसतो. युरोपातल्या बऱ्याच भाषांना त्यात दप्तर दिसतं.

मूळ शब्द ग्रीक. ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा, विवस्त्र. प्राचीन ग्रीक पुरुष कपडे उतरवून कसरत करत, ती जागा ‘गिम्नासिऑन’. तिथे तरुण जमत, म्हणून शिकवणारेही तिथेच येत. अथेन्सच्या वेशीबाहेरच्या अशा दोन जागा म्हणजे अकादेमिया आणि लिकेऑन. पहिलीच्या परिसरात प्लेटोने शिकवलं, दुसरीत अ‍ॅरिस्टॉटलने. आज भारदस्त वाटणारे ‘अकादमी’ आणि ‘लिसे’ (फ्रेंच माध्यमिक शाळा) हे शब्दही असे आखाड्यातूनच आलेले आहेत.

सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिनच्या ओढीने जर्मन भाषक मुलखातल्या विद्वानांनी हे नाव शाळांना दिलं. योहानेस स्टुर्मने १५३८ मध्ये स्ट्रासबुर्गला काढलेली शाळा त्यातली गाजलेली. पुढे १८१२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने विद्यापीठाची वाट उघडणाऱ्या शाळांसाठी ‘गिम्नाझियुम’ हेच नाव ठरवलं, आणि अर्थ पक्का झाला. शब्द शाळेने नेल्यावर व्यायामाला दुसरा हवाच होता. व्यायामाचा जर्मन प्रचारक फ्रीडरिश लुडविग यान याने कसरतीसाठी ‘टुर्नेन’ हा शब्द रुळवला. जर्मन शाळेतला व्यायामाचा हॉल आजही ‘टुर्नहाले’.

फ्रेंचमध्ये ‘जिम्नाझ’ म्हणजे व्यायामाचा हॉल. नेपोलियनने १८०२ मध्ये शाळांसाठी ‘लिसे’ निवडलं होतं. स्ट्रासबुर्ग आता फ्रान्समध्ये आहे, पण स्टुर्मच्या शाळेने मात्र ‘जिम्नाझ’ सोडलेलं नाही! इटलीत ‘जिन्नाझिओ’ हे अभिजात (ग्रीक-लॅटिनच्या) शाखेच्या शाळेतल्या सुरुवातीच्या वर्गांचं नाव, आणि व्यायामाला जायचं ते ‘पालेस्त्रा’त. तोही ग्रीकच शब्द, कुस्तीच्या जागेचा.

सगळ्यात गमतीचा प्रवास खुद्द ग्रीसमधला. स्वातंत्र्यानंतर गादीवर बसवलेला राजा ओटो जर्मन मुलखातल्या बव्हेरियाचा. त्याच्या कारकिर्दीत १८३६ मध्ये बव्हेरियाच्या धर्तीवर शाळांची घडी बसवली गेली आणि ग्रीकांचा स्वतःचा शब्द जर्मन अर्थ घेऊन घरी परतला. आज ग्रीक मूल बाराव्या वर्षाच्या सुमारास ‘गिम्नासिओ’त जातं, तिथून ‘लिकिओ’त, व्यायामासाठी त्यांना ‘गिम्नास्तिरिओ’ असा निराळा शब्द वापरावा लागतो.

आपला ‘जिमखाना’ या घराण्यातला अर्धाच. तो मूळचा ‘गेंदखाना’ असावा आणि इंग्रजांच्या तोंडी ‘जिम’च्या प्रभावाने बदलला असावा, असं कोशकार मानतात. मुंबईत, पुण्यात तो क्लब आणि मैदान झाला. इंग्लंडला पोचल्यावर मात्र त्याचा अर्थ झाला हौशी घोडेस्वारांच्या स्पर्धा.