डच माणसाचं इंग्रजी अडतं ते ‘हॅव’पाशी

डच आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी, म्हणून डच माणसाला इंग्रजी शिकावंच लागत नाही, हे ऐकलं की मला राग येतो. शब्द ओळखीचे असतात, हे खरं. ‘वॉटर’ला ‘वाटर’, ‘बुक’ला ‘बूक’. त्यात शिकण्यासारखं काही नाही. शब्दाच्या शेवटी ‘ड’चा ‘ट’ होतो, ‘बेड’ ‘बेट’सारखा ऐकू येतो, सरावाने तेही सुधारतं. घोटाळा होतो तो ‘हॅव’ लागणाऱ्या काळात.

रचना दोन्हीकडे सारखीच. इंग्रजीत ‘आय हॅव सीन’, डचमध्ये ‘इक हेप खझीन’. काम मात्र वेगळं. डच माणूस रोजच्या बोलण्यात होऊन गेलेली गोष्ट याच रूपात सांगतो, सोबत ‘काल’ असला तरी: ‘इक हेप हेम खिस्तरन खझीन’. त्यातूनच ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ निघतं. संपलेली वेळ सांगितली की इंग्रजीत ‘हॅव’ चालत नाही; ‘आय सॉ हिम यस्टरडे’ म्हणायचं.

ही चूक निदान ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. याहून वाईट ती, जिच्यात वाक्य शुद्ध असतं आणि अर्थ उलटा पोहोचतो. ‘इक हेप तीन यार इन उत्रेख्त खवोन्त’ म्हणजे दहा वर्षं (डच ‘तीन’ म्हणजे दहा) नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात राहून झालं, आता मुक्काम दुसरीकडे. शब्दाला शब्द लावून त्याचं ‘आय हॅव लिव्ह्ड इन उत्रेख्त फॉर टेन इयर्स’ केलं, की इंग्रज बहुधा समजतो, हा अजून तिथेच आहे. खरोखर तिथेच असलेला डच माणूस वर्तमानकाळ वापरतो: ‘इक वोन अल तीन यार इन उत्रेख्त’. आणि इंग्रजीत म्हणतो, ‘आय लिव्ह ऑलरेडी टेन इयर्स इन उत्रेख्त’. म्हणजे जिथे इंग्रजीला ‘हॅव’ नको तिथे तो लावतो, हवा तिथे गाळतो.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपणही ‘दहा वर्षांपासून पुण्यात राहतो’ असं वर्तमानातच बोलतो, आणि ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ म्हणून बसतो.

‘हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप’ हे सूत्र डच विद्यार्थ्याकडून घोकून घेणं मला अजिबात पटत नाही. रूप त्याला घरूनच येतं. त्याला विचारावं, तू अजून तिथे राहतोस का? नसेल तर ‘आय लिव्ह्ड’, असेल तर ‘आय हॅव लिव्ह्ड’. ही दोन वाक्यं अगदी सुरुवातीला, शेजारीशेजारी शिकवावीत. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चे तक्ते मागाहून आले तरी चालतात.