जीपीएस चालू असलं म्हणून तुमचा पत्ता कुणाला लागत नाही

‘रेंज नसली तरी जीपीएस चालू असतं, हरवलो तर उपग्रहावरून शोधतील’ हा समज ट्रेकर आणि पॅराग्लायडिंगवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. तुमचा फोन ते ऐकून हिशोब मांडतो. उलट दिशेने काहीच जात नाही. रेडिओ ऐकणाऱ्याचं घर आकाशवाणीला कुठे ठाऊक असतं!

जागा कळवायला ट्रान्समीटर लागतो. सॅटेलाइट ट्रॅकर ती इरिडियमसारख्या, सुमारे ७८० किमीवरच्या उपग्रहांमार्फत पाठवतो, तीही ठरावीक मिनिटांनी. ताशी ३६ किमीने जाणारा ग्लायडर १० मिनिटांत ६ किमी पुढे गेलेला असतो. म्हणून उडताना दर २ मिनिटांचं सेटिंग ठेवा. बॅटरी लवकर उतरेल, हे धरून चाला. ट्रॅकर हार्नेसच्या (पायलट ज्यात बसतो त्या पट्ट्यांच्या आसनाच्या) खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना आभाळाकडे. मागच्या कप्प्यात कोंबलात तर तुमचं अंगच सिग्नल अडवतं. अरुंद घळीत संदेश बराच वेळ अडकू शकतो.

भारतात मात्र असा ट्रॅकर दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगता येत नाही. २०२४च्या अखेरीस गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांवर याच कारणाने कारवाई झाली.