गतिशीलता आणि पोहोच: 'कनेक्टिव्हिटी'च्या नावाखाली होणारी गल्लत

शहरातल्या नव्या रस्त्याबद्दल किंवा मेट्रोबद्दल काहीही वाचायला घ्या, 'कनेक्टिव्हिटी' हा शब्द पानापानावर भेटतो. गाड्या किती वेगाने धावतील यासाठी तो वापरतात, आणि माणसाला कामावर, शाळेत, दवाखान्यात वेळेत जाता येईल का यासाठीही तोच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गतिशीलता, दुसरी पोहोच. कित्येकदा पहिली वाढवण्याच्या नादात दुसरी घटते, म्हणून हा शब्द नियोजनाच्या कागदातून हद्दपार व्हावा असे माझे ठाम मत आहे.

गतिशीलता सगळ्यांना कळते: ताशी किलोमीटर, चौकात किती सेकंद खोळंबा, एका लेनमधून तासाला किती गाड्या (द्रुतगती मार्गावर साधारण १,८०० ते २,०००). रस्त्यांना 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी देतात ती याचीच.

पोहोच म्हणजे घराच्या दारातून निघून ठरावीक वेळात, समजा ३० मिनिटांत, किती नोकऱ्या, किती शाळा, किती दुकाने गाठता येतात. अमेरिकी नियोजक वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ साली हे मोजण्याचे सूत्र मांडले आणि जिथे पोहोच जास्त व जमीन मोकळी, तिथे वस्ती लवकर वाढते हेही दाखवले. पोहोच म्हणजे फक्त अपंगांसाठीचे रॅम्प आणि लिफ्ट असेही काही जण समजतात. तो तिचा आवश्यक भाग आहे, पण सगळी पोहोच त्यात येत नाही.

खरी गल्लत पुढे आहे. वेग वाढला की पोहोच वाढणारच, हे इतके उघड वाटते की कोणी तपासत नाही. साधे गणित करून पाहू. एका शहरात दारापासून दारापर्यंतचा सरासरी वेग ताशी ४० किमी आहे, दुसऱ्यात २०. अर्ध्या तासात पहिल्यात २० किमी जाता येते, दुसऱ्यात १०. अंतर निम्मे झाले की आवाक्यातले क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणजे वेगाचा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. दुसऱ्या शहराला बरोबरी करायची तर त्या वर्तुळातली घनता चौपट हवी.

पण ताशी ४० चा वेग सहसा गाडीनेच मिळतो, आणि गाडी जागा खाते. एका गाडीच्या पार्किंगचा चौकोन साधारण १२.५ चौरस मीटर, वळायची वाट धरली की २५ ते ३०. कार्यालयात एका माणसाला १०-१५ चौरस मीटर पुरतात. म्हणजे माणसाला लागते त्याच्या दुप्पट जागा त्याच्या गाडीला. त्यात रुंद रस्ते आणि इंटरचेंज (महामार्ग एकमेकांना जोडणारे पूल व वळणरस्ते) मिळवा. दुकान, घर, शाळा एकमेकांपासून लांब ढकलली जातात आणि मिळालेला वेग त्या वाढलेल्या अंतरातच खर्च होतो. शिवाय गाडी नसलेल्याच्या वाट्याला नुसते वाढलेले अंतर येते, वेग नाही.

यात वेळेचाही घोळ आहे. रस्ता रुंद केल्यावर वाहतूक काही महिन्यांत बदलते, जमिनीचा वापर बदलायला दहा-वीस वर्षे लागतात. शहराच्या कडेची शेते अचानक 'अर्ध्या तासावर' येतात, भाव चढतात, विरळ वस्ती पसरते आणि तिच्या लांब फेऱ्या त्याच रस्त्यावर येतात. अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवर ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की आंतरराज्य महामार्गांची लेन-लांबी (लांबी गुणिले लेनची संख्या) जितक्या प्रमाणात वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात त्यांच्यावर गाड्यांचे एकूण किलोमीटर वाढतात. तरीही वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या बहुतेक गणिती प्रारूपांत 'रस्ता केला तर' आणि 'नाही केला तर' या दोन्ही पर्यायांत वस्ती आणि नोकऱ्या जागच्या जागी गोठवलेल्या असतात. ज्या परिणामाने निकाल फिरतो तोच आधी वगळायचा, ही अक्षम्य चूक आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ च्या कायद्याने हा रोख बदलला. २०२० पासून तिथे पर्यावरण-परीक्षणात चौकातला खोळंबा नव्हे, तर एकूण वाहन-प्रवास किती वाढतो हे पाहतात.

उलटी वाटही आहे: जमीन योग्य जागी वापरून पोहोच वाढवणे. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात वस्ती रेल्वेमार्गांलगत हाताच्या बोटांसारखी वाढवली. पुढे १,५०० चौरस मीटरहून मोठी कार्यालये स्थानकापासून ६०० मीटरच्या आत हवीत, असा नियमही आला.

स्थानकाजवळ असणे म्हणजे मात्र पोहोच नव्हे. नकाशावर स्थानकाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून 'दहा मिनिटांच्या अंतरावर' असे लिहिणे मला अजिबात पटत नाही. अगदी चौकटीदार, काटकोनात छेदणारे रस्ते असले तरी ८०० मीटर चालून त्या वर्तुळाचा सुमारे ६४ टक्केच भाग गाठता येतो, बंद गल्ल्या आणि कुंपणे असतील तर आणखी कमी. दहा किलोमीटरच्या रेल्वेप्रवासात सरासरी वेग ताशी ६० वरून ८० किमी केला तर अडीच मिनिटे वाचतात. गाडी दर १५ ऐवजी दर ५ मिनिटांनी सोडली तर सरासरी थांबणे साडेसातवरून अडीचवर येते, म्हणजे पाच मिनिटे वाचली. स्थानकाला दुसऱ्या बाजूने दार काढून ३५० मीटरचा वळसा टाळला तर चार मिनिटांहून जास्त. दार आणि वारंवारता सहसा वेगापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतात.

मोजताना काळजी घ्यायची ती अशी. सार्वजनिक वाहतुकीसाठी एकच निघण्याची वेळ धरू नका. सकाळी सात ते नऊ दर मिनिटाला निघाल्यास काय गाठता येते ते पाहा आणि त्या आकड्यांतला मधला आकडा घ्या, नाहीतर नेमकी बस सुटली की आकडा कोसळतो. ३० मिनिटांची कडक सीमा धरली तर ३१ व्या मिनिटावरची नोकरी शून्य ठरते, म्हणून ४५ मिनिटांचा हिशेबही सोबत ठेवा. अभ्यासक्षेत्र शहराच्या हद्दीवर तोडू नका, नाहीतर कडेच्या वस्त्यांची पोहोच खोटी कमी दिसते. आणि गाडी असलेल्यांचा व नसलेल्यांचा नकाशा वेगळा काढा, एकत्र सरासरीत हा फरक दिसतच नाही.