सोलापुरातील घरगुती कारशेड : बांधकाम नियम

घराच्या आवारात चारचाकीसाठी खांबांवर छत टाकून केलेली, बाजूंनी उघडी जागा म्हणजे कारशेड. सोलापुरात तिला सरसकट पत्राशेड किंवा पोर्च म्हणतात. शहरात तिला 2020 च्या डिसेंबरपासून लागू असलेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. परवानगी महापालिकेचा बांधकाम परवाना विभाग देतो.

‘पत्राच आहे, स्लॅब नाही, मग परवानगी कशाला?’ हा समज सर्वांत महागात पडतो. इमारत ठरवताना नियमावली साहित्य पाहत नाही. समारंभापुरता घातलेला मांडव किंवा ताडपत्री वगळली जाते. जमिनीत पाया घेऊन उभे केलेले खांब आणि त्यावरचे पत्रे वगळले जात नाहीत. पावसाळ्यापुरत्या आच्छादनाला तात्पुरती परवानगी मिळते, पण हंगाम संपल्यावर ते काढावे लागते.

खरी अडचण समास अंतराची, म्हणजे घर आणि हद्द यांमधल्या मोकळ्या जागेची असते. खासगी गॅरेज किमान 2.5 × 5 मीटरचे लागते. ते बाजूच्या समासात घ्यायचे तर मुख्य घरापासून 3 मीटर आणि रस्त्यापासून 7.5 मीटर अंतर ठेवावे लागते. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडच्या 30 × 40 फुटी प्लॉटवर हे मोजून पाहावे. खोली 12.19 मीटर, तर 7.5 आणि 5 मिळून 12.5 मीटर होतात. म्हणजे गॅरेज मागच्या हद्दीबाहेर जाते. रुंदीतही 3 आणि 2.5 मिळून 5.5 मीटर गेल्यावर 9.14 पैकी घराला साडेतीन मीटरच्या आसपास उरते, तेही दुसऱ्या बाजूचा समास सोडण्याआधी. त्यामुळे लहान प्लॉटवर समासातल्या गॅरेजचा हट्ट सोडून घराच्या बांधकाम रेषेच्या आतच, पहिल्या मजल्याखाली, वाहनतळ काढणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तिथे तुळईखाली 2.4 मीटर मोकळी उंची लागते. अशी जागा चटई क्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर मिळणाऱ्या एकूण बांधकाम क्षेत्रात, मोजली जात नाही, मात्र पुढे विटा रचून तिची खोली किंवा दुकान केले की ही सवलत जाते.

परवानगीसाठी मालकीचा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, पूर्वीचा मंजूर नकाशा आणि परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाने केलेला सुधारित नकाशा लागतो. नकाशात शेडचे खांब, छताची कड, हद्दीपासूनची अंतरे आणि पाण्याचा उतार दाखवावा. अंतर छताच्या कडेपासून मोजून पाहावे; खांब आत आणि पत्रा हद्दीवर, ही नेहमीची चूक. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती परवानगी म्हणून चालते; 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवाना देण्याची तरतूद आहे. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यांत पाडून विकलेला, प्लॉट असेल तर आधी तो नियमित करून घ्यावा लागतो. भुईकोट किल्ला केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. तिथे शेडलाही सूट नाही.

उभारणीत काळी माती त्रास देते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायातले खांब कलतात. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा. एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात उघडी शेड खालून उचलली जाते. तिथे पत्र्याच्या वजनापेक्षा काँक्रीटमध्ये पुरलेले अँकर बोल्ट महत्त्वाचे. स्क्रू पत्र्याच्या लाटेच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारावेत. खोलगट भागात मारले की गळती ठरलेली. उतार आपल्या आवाराकडे ठेवून पन्हळ आणि पाइपने पाणी खाली उतरवावे, कारण शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणारे पाणी हेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

विनापरवाना शेडला प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 खाली नोटीस येते. नोटिशीच्या मुदतीत कलम 44 खाली बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो, पण जे नियमात बसते तेच त्यातून टिकते. नियमाबाहेर समास व्यापलेली शेड काढावीच लागते. महापालिका अधिनियमाच्या कलम 267 अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते. ती भरल्याची पावती परवानगीचा पुरावा होत नाही, हे त्या कलमातच स्पष्ट आहे.