कापलेल्या शेपटीची जुनी कारणे

डॉबरमन म्हटला की आखूड शेपटी आणि ताठ, टोकदार कान डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात या जातीचे पिल्लू जन्मते ते लांब, निमुळती शेपटी आणि लोंबते कान घेऊन. बाकीचे काम माणसाच्या हातातील कात्रीचे असते.

या प्रथेचा एक फार जुना लेखी उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉलुमेला याच्या ग्रंथात सापडतो. पिल्लू 40 दिवसांचे झाले की शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली शीर दातांनी पकडून ओढावी आणि तोडून टाकावी, म्हणजे शेपटी बेढब वाढत नाही आणि बहुतेक मेंढपाळांच्या सांगण्याप्रमाणे कुत्रे पिसाळतही नाही, असे तो लिहितो. रेबीजचा विषाणू लाळेतून चाव्याच्या जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू गाठतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे; शेपटी तोडून त्याची वाट अडत नाही. परंतु पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत ज्यांनी कळपाशेजारी राहून सोसली, त्या माणसांनी मिळेल त्या उपायाला हात घातला, यात मला नवल वाटत नाही.

कान कापण्यामागे झुंज आणि शिकार होती. लोंबता कान प्रतिस्पर्ध्याच्या दातांत सहज सापडतो आणि फाटतो, म्हणून तो आधीच छाटला जाई. ब्रिटनमध्ये 1835 च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजींवर बंदी आली, तरी कान कापणे थांबले नाही. ते रुबाबासाठी चालूच राहिले. तेथील केनेल क्लबने कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनाचे दार बंद केले, तेव्हा एकोणिसावे शतक संपत आले होते.

झुडपांत घुसणाऱ्या शिकारी कुत्र्याची शेपटी जखमी होते, हे कारण मात्र गंभीरपणे तपासायला हवे. ब्रिटनमधील सुमारे 1,38,000 कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एक जखम टाळण्यासाठी अंदाजे 500 कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील. काही शिकारी जातींत धोका खरोखरच अधिक असतो, आणि म्हणूनच स्कॉटलंडने 2017 मध्ये अशा कामकरी कुत्र्यांपुरती शेपटी कापण्यावरील बंदीतून मर्यादित सवलत दिली. घरात पाळल्या जाणाऱ्या कुत्र्याला ते कारण लागू पडत नाही.

शेपटी म्हणजे निरुपयोगी शेंडा नव्हे. तिच्यात मणके, स्नायू आणि मज्जातंतू असतात, आणि कापायची झाल्यास ती बहुतेकदा पिल्लाच्या जन्मानंतर काही दिवसांतच, अनेकदा भूल न देता, कापली जाते. कॅनडातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या कुत्र्यासारखे दिसणारे यांत्रिक कुत्रे मोकळ्या जागेत उभे करून त्याला कधी लांब, तर कधी आखूड शेपटी बसवली होती. लांब शेपटी हलत असली की मोठी कुत्री अधिक निर्धास्तपणे जवळ येत, ती स्थिर असली की बिचकत. आखूड शेपटी हलो वा न हलो, त्यांच्या वागण्यात फरक पडत नसे.